कललेल्या होडीचं माप

डिझेल महागलं की माणसं आधी सरकारला शिव्या देतात, मग इंजिनाला, आणि शेवटी घरातल्याच कुणाला तरी. आपल्या या गोष्टीतल्या होडीवाल्याने हा क्रम अगदी चोख पाळला.

वय पन्नाशीकडे झुकलेलं, गुडघे कुरकुरणारे आणि होडी त्याहून जास्त कुरकुरणारी. मासळी आता जवळ मिळत नाही, लांब जावं लागतं, आणि परत आल्यावर हाती काय उरतं ते विचारू नये. अशात होडीवाल्यांच्या सोसायटीने सगळ्यांना सांगितलं, की आपली होडी किती डिझेल पिते ते प्रत्येकाने मोजा, नुसत्या अंदाजावर राहू नका. सल्ला चांगला होता. त्याने एक लाकडी काठी घेतली, तिच्यावर खाचा पाडल्या आणि ती टाकीत बुडवून बघायला लागला. निघण्याआधी एकदा, परत आल्यावर एकदा. होडीचा ताप बघतो म्हणून धक्क्यावरच्या लोकांनी त्याचं नाव 'डॉक्टर' ठेवलं.

पण या काठीने पहिल्याच आठवड्यात त्याची झोप उडवली. संध्याकाळी मोजलेली टाकी सकाळी दोन खाचा कमी! इंजिन चालू केलेलं नाही, गळती कुठे नाही, मग डिझेल गेलं कुठे? काही दिवस माप बरोबर यायचं, की पुन्हा एखाद्या सकाळी कमी.

होडीवर राखणीला झोपायचा तो त्याचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. इंजिनही तोच सांभाळायचा. या माणसाने एके काळी दारूपायी घरातली भांडी विकली होती. दारू सोडून त्याला आता बरीच वर्षं झाली होती, पण दारू सुटली तरी नाव सुटत नाही. होडीवाल्याला दुसरीकडे बघायची गरजच वाटली नाही.

खरं तर मेव्हण्याने एकदा डिझेलच्या पंपापाशी त्याला सांगितलंही होतं, "दाजी, ओहोटीला होडी चिखलात बसते, एका अंगावर कलते. तेव्हा काठी घालू नका. सरळ तरंगत असली की बघा."

त्यावर कॅन घेऊन रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर दाजी म्हणाला, "चोराच्या उलट्या बोंबा! आता काठीच खोटी का? तेव्हा भांडी विकलीस, आता डिझेल विकतोस."

मेव्हण्याने खिशात हात घातला. टाकीच्या कुलपाची किल्ली त्याने पंपाच्या कट्ट्यावर ठेवली आणि निघून गेला. मग बायकोकडून कळलं, की तो लांबच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात कामाला चाललाय, रविवारी निघणार. "तिथे त्याला नावं ठेवणारं कुणी नसेल," ती म्हणाली, "पण पुन्हा बाटलीकडे हात गेला तर तो धरणारंही कुणी नसेल." त्यानंतर तिने नवऱ्याशी बोलणंच टाकलं. ताट वेळेवर समोर यायचं, पण शब्द एक नाही.

दुसरा राखणदार परवडणारा नव्हता. होडीवाला स्वतःच होडीवर बसायला लागला. शनिवारी सकाळी भरती असताना त्याने टाकी पाऊण भरली, काठी घालून बघितलं, झाकणाला कुलूप लावलं आणि जाळं शिवत बसला. अंग आंबलं होतं, उन्हाने डोळे चुरचुरत होते. दुपारपर्यंत पाणी उतरलं, होडी चिखलात बसली आणि नेहमीसारखी डाव्या अंगावर कलली. तेवढ्यात मासळी बाजार आटोपून त्याची आई डबा घेऊन आली आणि फळीवरून सांभाळत होडीत उतरली. त्याने सवयीने कुलूप काढलं आणि काठी घातली. दोन खाचा कमी!

त्याने काठी पुसून पुन्हा घातली. पुन्हा तेच.

"आई, मी सकाळपासून इथून हललो नाही," तो म्हणाला.

"मग चोर कोण? तू की मी?" आईने डबा उघडत विचारलं.

त्याची नजर होडीच्या तळाकडे गेली. तिथे साचलेलं पाणी सगळं डावीकडे गोळा झालं होतं, उजवी कड कोरडी पडली होती. टाकी होती आडवी, पसरट, आणि काठी घालायचं भोक होतं उजव्या टोकाला. डिझेलही डावीकडेच सरकलं होतं, थेंबही कुठे गेला नव्हता. ओहोटीची वेळ रोज सरकते, म्हणून तर काही सकाळी माप बरोबर यायचं. होडीतलं हे पाणी तो लहानपणापासून बघत आला होता. त्याने काठी बाजूला ठेवली.

"होडी कलते हे तुला ठाऊक नव्हतं असं नाही," आई म्हणाली. "वर त्याने सांगितलंही. पण काठी घालायच्या आधीच तू चोर ठरवून ठेवला होतास. मी जन्मभर तराजू धरलाय. माझाच हात कलता असला, तर मासळी कमी भरते म्हणून मासळीला बोल लावायचा का? एकदा चुकलेल्या माणसाने खरं सांगितलं तरी आपल्याला ते खोटंच वाटतं. अशाने माणूस सुधारायचा कसा?"

आज संध्याकाळीच घरी बोलावून माफी मागतो, असं तो पुटपुटला. आईने मान हलवली.

"चोर म्हणालास चार लोकांत, आणि माफी चार भिंतींत? पंपापाशी बोललास ना, मग तिथेच माग."

लोक हसतील, असं त्याने म्हणून बघितलं. हसू देत, ती म्हणाली, तो बिचारा इतके दिवस त्याच रस्त्याने खाली मान घालून चालतोय. मग ती खाली बसून जेवू लागली, कारण तीही पहाटेपासून उभीच होती.

रविवारी मेव्हणा पिशवी घेऊन पंपासमोरच्या थांब्यावर एसटीची वाट बघत होता. होडीवाला रांग सोडून बाहेर आला आणि हात धरून त्याला लोकांसमोर घेऊन गेला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "माझं डिझेल कुणीही चोरलेलं नाही. होडी कललेली असताना मीच काठी घालत होतो. याने सांगितलं, ते मी ऐकलं नाही. याला चोर म्हणालो, ते चुकलं माझं. याची माफी मागतो."

"काय डॉक्टर, निदान चुकलं का?" मागून कुणीतरी विचारलं आणि लोक हसले.

"चुकलं," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, पण तो जागचा हलला नाही.

मेव्हण्याला आनंद झालाय असं काही दिसलं नाही. तो थकल्यासारखा म्हणाला, "राहतो मी, दाजी. पण उद्या पुन्हा काही कमी आलं, तर माझंच नाव घ्याल का?"

"आधी होडी सरळ आहे का बघेन," होडीवाला म्हणाला, "आणि काठी घालताना तूही शेजारी असशील." त्याने खिशातून किल्ली काढून त्याच्या हातात दिली. एसटी आली, थोडा वेळ थांबली आणि निघून गेली.

त्या दिवसापासून दोघं मिळून माप घेतात, तेही होडी तरंगत असतानाच. होडी डिझेल बरंच पिते हे आता नक्की कळलंय, आणि त्याला इंजिनाच्या म्हातारपणाखेरीज कुणी जबाबदार नाही. मित्रहो, मोजायला हवंच, पण मोजणाऱ्याचं मन आधीच एका बाजूला कललेलं असेल, तर हातातली काठी कितीही चांगली असली तरी निरपराध माणूस चोर ठरतो. आणि ज्याची बदनामी आपण चारचौघांत केली, त्याची माफीही आपण चारचौघांतच मागायला हवी.

त्या रविवारी दुपारी होडीवाला जेवायला बसला, तेव्हा बायको ताट ठेवून नेहमीसारखी आत गेली नाही. ती तिथेच उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "त्यालाही बोलवायचं होतं जेवायला."

"हात धुतोय बाहेर," तो म्हणाला. "अजून एक ताट घे."