काळ्या रेघेची गिटार

मित्रांनो, मी एक जुनी, स्वस्तातली गिटार आहे. गिटार होण्यापूर्वी तीन वर्षं मी एका स्वयंपाकघरातली फळी होते. माझ्यावर मिरच्यांच्या बरण्या, मिठाचा डबा आणि एक तडकलेला आरसा असे. खाली चूल होती. रोज सकाळी पेत्राकाकू मक्याच्या भाकऱ्या भाजायला बसत आणि धूर माझ्या अंगावरून छताकडे जाई.

आमचं गाव पाराचो. मेक्सिकोच्या डोंगरात, पाइनच्या जंगलाला टेकून वसलेलं. पेत्राकाकूंचा नवरा अबुंदिओ गिटारी करी, त्याचे शेजारी गिटारी करत, आणि मागच्या गल्लीतली दोन घरं नुसत्या गिटारींच्या माना कोरून सगळ्यांना पुरवत. माझ्या लाकडात राळेची एक काळी रेघ होती, म्हणून अबुंदिओनं मला बाजूला टाकलं होतं आणि काकूंनी उचलून भिंतीला ठोकलं होतं.

ऑगस्टमध्ये आमच्याकडे गिटारींची जत्रा भरते. त्या वर्षी मागणी इतकी होती की लाकूड कमी पडलं. एका सकाळी अबुंदिओनं बरण्या खाली उतरवल्या आणि मला काढून नेलं. काकू दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. त्यानं मला उभं चिरलं, दोन पातळ पानं केली आणि ती शेजारी शेजारी ठेवून सरसानं चिकटवली. काळी रेघ नेमकी मधोमध आली, भोकाच्या खाली. जत्रेत लोक मला हातात घेत, रेघ बघत आणि परत ठेवत. जत्रा संपली तेव्हा मी भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होते. माझ्यासोबत आणखी अठरा जणी होत्या.

आता मी तुम्हाला आमच्या भीतीबद्दल सांगते. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि फुगतं, हवा कोरडी झाली की आकसतं. जत्रेच्या घाईत भर पावसाळ्यात जोडलेली गिटार फुगलेल्या अंगानंच चिकटवली जाते. पुढे कोरडे महिने येतात. लाकडाला आकसायचं असतं, सरस सोडत नाही. मग लाकूड फाटतं.

मार्च महिन्यात दुपारी पत्रा तापला की दुकानात कुणी बोलत नसे. अबुंदिओ हातातली कानस थांबवून ऐकत राही. आणि मग भिंतीवरून आवाज येई, टक्. वाळकी काडी मोडावी इतकाच. तो उठे, एकेकीला उजेडात धरे आणि जिची छाती फाटली असेल तिला खाली उतरवून ठेवे. मी माझ्या शेजारणीकडून तो आवाज ऐकला. दुसऱ्या दिवशी पलीकडचीकडून ऐकला. माझ्याही अंगात ताण होता, जोडाच्या रेषेत सतत ओढ लागलेली असे, आणि रोज दुपारी मला वाटे की आज माझी पाळी. पण चुलीवर तीन वर्षांत माझं जे आकसायचं ते आकसून झालं होतं. पहिला पाऊस पडला तेव्हा भिंतीवर आम्ही आठ जणी उरलो होतो.

याबद्दल कुणी माझं कौतुक केलं नाही. नव्या जत्रेसाठी नव्या गिटारी आल्या, रोगणानं चमकणाऱ्या, भोकाभोवती शिंपल्याची नक्षी असलेल्या. मला दाराआड टांगलं. माझ्यावर धूळ बसली.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी देल्फिना आली.

ती पंधरा वर्षांची होती. वरच्या डोंगरातल्या गावाहून बसनं दोन तासांचा प्रवास करून आलेली. तिच्या नामकरणाच्या वेळी अबुंदिओनं तिला हातांत धरलं होतं, म्हणजे तो तिचा धर्मबाप. आमच्याकडे हे नातं रक्ताच्या नात्याहून जड असतं. धर्मबापाचं गिटारींचं दुकान असताना मुलीनं दुसऱ्या दुकानातून गिटार घेतली असती तर दोन्ही घरांची तोंडं वाकडी झाली असती. त्यामुळे तिला निवडायचं होतं ते याच भिंतीवरून, आणि पाच वाजता तिच्या गावाची शेवटची बस होती.

तिच्या आजोबांना, ताता इलारिओंना, सगळा डोंगर ओळखत होता. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना ताता म्हणतात. पुरेपेचा भाषेतली गाणी ते स्वतः रचत आणि गात. अशा गाण्याला पिरेकुआ म्हणतात. त्यांच्या चौदा पिरेकुआ होत्या आणि एकही कागदावर नव्हती, कारण त्यांना लिहायला येत नव्हतं. त्यांच्या घशात गाठ झाली होती. सोमवारी सकाळी त्यांना मोरेलियाच्या इस्पितळात जायचं होतं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जीव वाचेल, आवाज राहणार नाही. त्यांची स्वतःची गिटार गळक्या छताखाली भिजून जोडांतून उकलली होती. गिटारीवाचून त्यांना गाण्याची चाल धरता येत नसे. देल्फिनाला सोमवारपर्यंत ती चौदा गाणी शिकून घ्यायची होती. आणखी एक गोष्ट तिला ठाऊक होती, पण ती कुणालाही सांगायची नाही असं आजोबांनी तिला बजावलं होतं.

ती आत आली, काकूंनी तिला आतोले, मक्याचं गरम पेय, दिलं, आणि ते निवायच्या आत अबुंदिओनं भिंतीवरची सगळ्यात देखणी गिटार काढून तिच्या मांडीवर ठेवली.

"ही घे. मोजूबिजू नकोस, तुझ्याकडे जे असेल ते दे."

तिनं वाजवून पाहिली. आवाज मोठा आणि गोड होता, माझ्यापेक्षा मोठा. हे मी तेव्हाही जाणत होते. देल्फिनाचा चेहरा खुलला आणि मला वाटलं, झालं.

पण तिनं खिशातून तीन नाणी काढली. तिच्या आजोबांची ही जुनी पद्धत होती. मानेवरच्या बाराव्या पडद्यावर, म्हणजे बोटांखालच्या आडव्या धातूच्या पट्टीवर, नाणी एकावर एक रचून तारेखाली सरकवायची. दोन जावीत, तिसरं अडकावं. त्या देखण्या गिटारीच्या तारेखालून तिन्ही नाणी सहज गेली आणि वर फट उरली. म्हणजे तार उंच होती, दाबायला कठीण. देल्फिनानं बोट मानेच्या कडेवरून फिरवलं, मग गिटार उलटी करून विचारलं की ही कधी जोडली. अबुंदिओनं अभिमानानं सांगितलं, जुलैत, अगदी ताजी आहे.

तिनं मान खाली घातली. मग हळूच विचारलं, "ताता, त्या दाराआडच्या बघू?"

"त्या गेल्या वर्षीच्या उरलेल्या आहेत. त्यात काय बघायचंय?"

"बघू दे की," आतून पेत्राकाकू म्हणाल्या. "बघितल्यानं काय तुझं दुकान झिजणार आहे?"

देल्फिना आमच्याकडे आली. एकीची मान डोळ्यासमोर धरली, ती वाकलेली होती. दुसरीच्या पडद्यांची टोकं मानेबाहेर आली होती आणि हाताला टोचत होती. मग तिनं मला काढलं. बाहीनं धूळ पुसली आणि रेघ पाहिली. तिनं माझ्या पाठीवर बोटाच्या पेरानं ठोकलं आणि कान लावला. मोकळी तार वाजवली, मग तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून. दोन्ही स्वर एकच निघाले, फक्त दुसरा वरच्या सप्तकातला. नाणी सरकवली. दोन गेली, तिसरं अडकलं. मग ती एकेक तार एकेक पडद्यावर दाबत वर सरकू लागली, आणि पाचव्या तारेवर माझ्यातून एक बारीक खरखर निघाली.

अबुंदिओ म्हणाला, "ऐकलंस ना?"

तिनं तोच स्वर पुन्हा काढला. पुन्हा खरखर. मित्रांनो, तो क्षण मार्चमधल्या दुपारींपेक्षा वाईट होता, कारण या वेळी दोष खरंच माझ्यात होता आणि तो कुठे आहे हे मला सांगता येत नव्हतं. देल्फिना माझ्या अंगावर जागोजागी अंगठा ठेवत तीच तार छेडत राहिली. खुंटीच्या एका सैल स्क्रूवर अंगठा आला आणि खरखर थांबली.

"ही देता?" ती म्हणाली.

अबुंदिओनं मला तिच्या हातून घेतलं आणि परत खिळ्याला अडकवलं. तो रागावलेला नव्हता, दुखावलेला होता. तो म्हणाला की गावभर होईल, अबुंदिओनं धर्मलेकीला दुकानात उरलेली गिटार दिली. तीही बायकोच्या चुलीवरची फळी. उद्या इलारिओ ती चारचौघांत काढतील आणि रेघ बघून लोक विचारतील, कुणी दिली?

"माझ्या फळीला नावं ठेवू नकोस," काकू म्हणाल्या. "चोरून नेताना बरी चालली तुला."

तो हसला नाही. त्यानं नवी गिटार कापडात गुंडाळायला घेतली. साडेतीन वाजून गेले होते. देल्फिना दाराशी उभी होती. नवी घेऊन निघून जाणं सोपं होतं. धर्मबापाचा मान राहिला असता, आजोबांचं गुपितही राहिलं असतं. तिनं बाहेर रस्त्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ताता, आजोबांची बोटं सुजलीत. पेरं वळत नाहीत. उंच तार त्यांना दाबताच येणार नाही." तिनं आवाज खाली आणला. "त्यांनी कुणाला सांगू नको म्हटलंय."

अबुंदिओचे हात कापडावर थांबले. त्यानं विचारलं, किती दिवसांपासून. ती म्हणाली, वर्ष झालं असेल. लोकांना कळेल म्हणून गेला आठवडाभर त्यांनी घरात गिटारीचं नावसुद्धा काढू दिलं नव्हतं.

त्यानं मला खिळ्यावरून उतरवलं आणि बाकावर आडवं केलं. आधी खुंटीचा स्क्रू आवळला. मग तारा सैल केल्या, तारांना टेकू देणाऱ्या घोडीतली हाडाची पट्टी उपसून काढली आणि कानशीवर तिचा तळ घासायला लागला. हे काम सोपं दिसतं. पट्टी जेवढी घासाल त्याच्या निम्मीच तार मधल्या पडद्यावर खाली येते, आणि जास्त घासली की तार पडद्यांवर आपटून गुरगुरते. त्यानं पट्टी बसवली, तारा ताणल्या, देल्फिनाला करंगळीनं दाबायला सांगितलं. तिला जमलं. पण तिची करंगळी पंधरा वर्षांची होती. तेव्हा अबुंदिओनं स्वतःच्या बोटांवर चिंधी घट्ट गुंडाळली, पेरं वळणार नाहीत अशी, आणि त्या बोटांनी दाबून पाहिलं. स्वर मेलेला निघाला.

पट्टी पुन्हा काढली. पुन्हा घासली. असं तीनदा झालं. चार वाजून चाळीस मिनिटांनी तो म्हणाला, "अजून एक हात मारला तर बिघडेलही."

"आणि नाही मारला तर?"

त्यानं एक हात मारला. चिंधीच्या बोटानं दाबलं. स्वर स्वच्छ आला. जोरात छेडल्यावर मात्र मी थोडी गुरगुरले. तो म्हणाला, त्यांना सांग, हळू वाजवा. मग काकूंनी मला आपल्या शालीत गुंडाळलं आणि देल्फिना बसकडे पळाली.

घरी पोचल्यावर ताता इलारिओंनी माझी रेघ पाहिली का, मला माहीत नाही. त्यांनी तार दाबली, पुन्हा दाबली, आणि नातीकडे पाहिलं. तिनं गुपित फोडलं हे त्यांना त्या पट्टीवरूनच कळलं असणार. ते एवढंच म्हणाले, "बस. लवकर बस."

ते गात आणि ती मागून गाई. त्यांचा आवाज मधेच फाटे, ते पाणी पीत, पुन्हा सुरू करत. एक गाणं तिला येईपर्यंत दुसरं घेत नसत. रविवारी दुपारी आठवं झालं. संध्याकाळी त्यांना ओळ पुरी करता येईना, तेव्हा ती शब्द आधी बोलून घेई आणि चाल माझ्याकडून. सोमवारी बस आली तेव्हा अकरा गाणी झाली होती. त्यांनी मला खाटेवर ठेवलं आणि ते गेले.

तीन आठवड्यांनी ते परत आले. गळ्यावर पांढरं कापड होतं. त्यांनी अंगणात बसून मला मागितलं, हातानं खूण करून. माझ्या तारांवर बाराव्या गाण्याची चाल सुरू झाली आणि त्यांचे ओठ हलू लागले. देल्फिना ओठांकडे बघत शब्द ओळखू लागली. चुकली की ते तार बोटानं धरून स्वर बंद करत. बरोबर आली की पुढे जात. बारावं गाणं पुरं व्हायला चार दिवस लागले, तेरावं दोन दिवसांत झालं.

चौदाव्याची चाल त्यांनी दोनदा वाजवली. ओठ उघडले आणि तसेच राहिले. इतकी वर्षं ते शब्द गाताना आपोआप येत असत, आवाज त्यांना बोटाला धरून आणत असे. आता आवाज नव्हता. त्यांनी पुन्हा वाजवलं, पुन्हा थांबले, आणि नातीला हातानं सांगितलं, उद्या. पुढची दोन वर्षं, अगदी शेवटपर्यंत, ते मधून मधून ती चाल वाजवत राहिले. शब्द आले नाहीत.

पहिल्याच वर्षी मार्चमध्ये अबुंदिओ एकदा भेटायला आला होता. जुलैत जोडलेली ती देखणी गिटार फाटल्याचं त्यानं सांगितलं, नव्या तारांचा एक जोड माझ्याशेजारी ठेवला आणि इलारिओंच्या जवळ उशिरापर्यंत बसून राहिला.

आता देल्फिना गावातल्या मुलांना गाणं शिकवते. मला वाजवून झालं की पुसते, उन्हात ठेवत नाही, कोरड्या महिन्यांत माझ्या पेटीत ओल्या कापसाची डबी ठेवते. मित्रांनो, तुमच्याकडे वाद्य असेल तर एवढं तुम्हीही करा. ते घेताना चमक बघू नका, कान लावा. पण माझं मागणं यापेक्षा मोठं आहे. तुमच्या घरात ज्याला गाणं येतं त्याच्याजवळ आज बसा. त्याला लाज वाटत असेल, बोटं सुजली असतील, तर ती लाज तुम्ही दूर करा, आणि त्यासाठी आठवडा वाट बघू नका.

देल्फिना मुलांना तेरा गाणी शिकवते. चौदाव्याची ती नुसती चाल वाजवते, हळू, मी गुरगुरणार नाही अशी. मुलं विचारतात, बाई, याचे शब्द काय? ती म्हणते, होते. आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागते.