सगुणाच्या ओठांचा आरसा

माझ्यात डोकावलात तर तुम्हाला तुमचं तोंड अर्धंच दिसेल, मित्रांनो. उरलेल्या अर्ध्यात काळे डाग आहेत. घाबरू नका, ते माझे आहेत. मी एक जुना हातआरसा आहे. खाऱ्या हवेनं माझा मुलामा उडत चालला आहे, मूठ दोनदा सुतळीनं बांधली आहे आणि पत्र्याच्या पाठीवरचं गुलाबाचं फूल आता वांग्यासारखं दिसतं. तरी गोष्ट सांगण्याइतका शाबूत आहे.

मुंबईत एका अंधाऱ्या कारखान्यात माझी काच कापली गेली. तिथून पेटीत बसून, होडीत बसून मी खाडीपलीकडे आलो आणि शिरवण्याच्या जत्रेत एका दुकानाच्या खिळ्याला लटकलो. देवजी नावाच्या मिठागरावरच्या एका तरुणानं मला आपल्या नव्या नवरीसाठी घेतलं. नवरीचं नाव सगुणा.

देवजीला ऐकू येत नसे. लहानपणी मोठा ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. बोलता यायचं, पण आपला आवाज केवढा येतो हे त्याला कळत नसे, म्हणून साधं 'पानी दे' म्हटलं तरी शेजारची कोंबडी उडायची. समोरच्याचे ओठ बघून मात्र तो बरंच समजायचा.

मला वाटलं होतं, नवरीच्या हाती पडलो, आता कुंकू आणि गजरा बघायचा. पण सगुणाचं निराळंच. ती मला समोर धरून शब्द म्हणायची. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. 'भाकर', 'भरती', 'वारा'. कुठला शब्द ओठांवर कसा दिसतो, नवऱ्याला कुठला कळेल आणि कुठला चुकेल, हे ती माझ्यात बघून शिकत होती. एक वाक्य संपलं की ती खालचा ओठ किंचित आत घ्यायची, दार लोटून घ्यावं तसा. म्हणजे देवजीला कळायचं, संपलं, आता तू बोल.

तिची सासू धोंडूबाई चुलीपाशी बसून बघायची. "अगो, आरशात तोंड बघतेस का आरशाला वेडावतेस?"

"तुमच्या लेकाशी बोलायचा सराव करतंय, आत्या."

"त्याच्याशी बोलून काय मिळालं गो कुनाला? मी पंचवीस वर्सं बोलतंय!"

पण सगुणाला मिळालं. ती भाकरी घेऊन बांधावर उभी राहायची, देवजी पार मिठागराच्या मधल्या वाफ्यात, आणि दोघं तिथूनच बोलायची. बाकीच्या बाया घसा फोडून नवऱ्यांना हाका मारत आणि ही गप्प उभी राहून सगळं सांगून टाकी. पुढे पुढे तिला अशी सवय लागली, की महत्त्वाचं काही बोलायचं झालं की तिचा आवाज आपोआप मिटायचा आणि ओठ उघडायचे. मित्रांनो, ही सवय ध्यानात ठेवा.

देवजीचा धाकटा भाऊ कमळाकर. त्याचा हात चित्रात चांगला. तो मुंबईला एका चित्रपट विभागात कामाला लागला, जिथे चित्रांना हलवून, बोलवून सिनेमा करत. एकदा सुट्टीत आला आणि म्हणाला, "वैनी, तुझा आरसा दे की. मला तिथं रोज तोंडं काढायची असतात."

"तुझं तोंड बघायला माझा आरसा? फुटंल तो," सगुणा म्हणाली. आणि दिला.

असा मी कमळाकरच्या टेबलावर आलो. टेबलाला काच, काचेखाली दिवा, त्यावर पारदर्शक कागद. आधी माणसाचं बोलणं टेपवर घेत. मग ती टेप हळूहळू सरकवत ऐकायची आणि कुठल्या चित्राशी कुठला उच्चार येतो ते तक्त्यावर मांडायचं. एका सेकंदाला चोवीस चित्रं! मग कमळाकर मला समोर धरून तोच शब्द म्हणायचा आणि माझ्यात दिसेल तसं तोंड काढायचा. 'म'ला ओठ मिटलेले, 'आ'ला उघडे, 'ऊ'ला चंबू. चित्राचं तोंड आवाजाच्या जरा मागे पडलं तरी बघणाऱ्याला ते खोटं वाटतं. पुढे गेलं तरी तेच.

एवढी मेहनत सगळेच करत नसत. साहेब म्हणायचे, "कमळाकर, पाच तोंडं काढून ठेव आणि तीच फिरव. लोक गोष्ट ऐकतात रे, ओठ कोण मोजतं?" खरंही होतं ते. लोक हसत, टाळ्या वाजवत. कमळाकरच्या कोंबड्याचं, म्हाताऱ्याचं, पोस्टमनचं कौतुक झालं. माझं नाव कोणी घेतलं नाही, पण आरशाचं नाव कोण घेतं? त्यात सगळे आपापलं तोंड बघून निघून जातात.

मग देवीच्या लसीवरचा सिनेमा आला. खाडीकाठच्या गावांत लोक टोचून घ्यायला घाबरत, म्हणून तिथलीच एक बाई चित्रात दाखवायची आणि तिनं लोकांना समजवायचं, असं ठरलं. शहरातल्या नटीचा आवाज घेऊन बघितला, तो रेशमी निघाला. कमळाकर म्हणाला, "साहेब, माझी वैनी आणू का?"

सगुणा आली, देवजीही आला. तिला काचेच्या खोलीत माइकसमोर उभं केलं. देवजी काचेबाहेर. मला कमळाकरनं आतल्या स्टुलावर उभं टेकवून ठेवलं होतं. साहेब आत येऊन म्हणाले, "बाई, हे वाक्य फार महत्त्वाचं आहे. नीट म्हणा हं."

सगुणानं मान डोलावली आणि नीट म्हटलं. म्हणजे तिच्या घरी नीट म्हणतात तसं. ओठ हलले, आवाज नाही.

रेकॉर्डिंगवाला यंत्राची बटणं दाबून दाबून थकला. "माइक गेला, साहेब!"

कमळाकर हसत हसत आत आला, त्याचा धक्का लागून मी स्टुलावर उताणा झालो. "वैनी, आवाज काढ गो. यांना दिसत नाय, यांना ऐकायला येतं."

"मग आधी सांगायचं ना," ती लाजली. आणि पुन्हा सुरुवात केली, या वेळी मोकळ्या आवाजात. "देवी रागावत नाय. आमी गावातल्या पोरांना टोचून आनलं." इथे ती जरा थांबली. मग, "तुमीबी आना."

ती थांबली तेवढ्यात काय झालं ते मला दिसलं नाही. मी छताकडे तोंड करून पडलो होतो. कमळाकर यंत्राच्या दिव्याकडे बघत होता. टेपवर त्या जागी नुसती हवा भरली गेली.

त्या पावसाळ्यात सगुणाला विषमज्वर झाला. ती गेली, तेव्हा मी मुंबईत टेबलावर होतो. कमळाकर गावाला गेला आणि दहा दिवसांनी परत आला. मला उचललं आणि पालथं ठेवलं.

बारावं-तेरावं उरकल्यावर देवजी मुंबईला आला. कमळाकरला त्यानं एवढ्या मोठ्यानं विचारलं, की पलीकडच्या खोलीतले लोक डोकावले.

"तिचा आवाज हाय ना तुज्याकडं?"

"हाय, दादा."

"गावाला ऐकवनार?"

"हां. सिनेमा दाखवनार."

"सगल्यांना ती मिलंल," देवजी म्हणाला. "मला मिलंल का? मला तिचं बोलनं बघायचं हाय."

कमळाकरनं बाईची चित्रं तयारच ठेवली होती. गठ्ठा हातात धरून भराभर सोडला की ती बाई बोलायची. देवजीनं बघितलं, पुन्हा बघितलं. मग मान हलवली. "बाई चांगली हाय. पर ही कुनाची तरी बाई हाय."

बरोबर होतं. ते ओठ कमळाकरचे होते, माझ्यात बघून काढलेले. आणि मला, मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या जातीची लाज वाटली. इतकी वर्षं सगुणा माझ्यात बोलली, तोंडासमोर तोंड लावून बोलली, आणि माझ्याकडे त्यातलं एक अक्षर शिल्लक नव्हतं. टेपनं आवाज ठेवला. मी काही म्हणजे काही ठेवलं नाही. आरशात राहत नाही काही.

पण देवजीकडे होतं.

कमळाकरनं त्याला खुर्चीवर बसवलं आणि मला त्याच्यासमोर उभं केलं. टेपचा आवाज ज्या लाकडी खोक्यातून यायचा, त्यावर देवजीचा तळवा ठेवला आणि यंत्र सुरू केलं. खोकं थरथरलं. देवजीनं चमकून हात काढला आणि परत ठेवला.

"ही ती?"

"ती."

देवजीनं डोळे माझ्यावर ठेवले आणि हाताला लागेल तसं बोलू लागला. आवाज नाही, नुसते ओठ. आणि काय सांगू तुम्हाला! मिशीखालून सगुणा बोलत होती. तेच ओठ मोठे उघडणं, आणि वाक्य संपलं की खालचा ओठ तसाच किंचित आत. कमळाकर काढत होता, खोडत होता, यंत्र मागे नेऊन पुन्हा लावत होता.

दुसरं वाक्य संपलं. खोकं थांबलं. देवजीचे ओठ थांबले नाहीत.

कमळाकरनं यंत्र बंद केलं. "दादा, इथं काय नाय. मोकली टेप हाय."

"मोकली कशी?" देवजी म्हणाला. "इथं ती बोल्ली. माज्याकडं बघून बोल्ली."

"काय बोल्ली?"

देवजीनं माझ्यात बघून ओठांनी म्हटलं, आणि कमळाकरनं ते माझ्यातून वाचलं. मीही वाचलं. आधी ओठ मिटलेले, मग चंबू. *भूक लागली का तुमाला?*

साहेबांनी पुरं झालेलं काम बघितलं, तेव्हा त्या जागेवर त्यांचं बोट आलं. "इथे आवाज नाही आणि तोंड हलतंय. एवढी मोठी चूक तू करशील?"

"चूक नाय, साहेब. ती नवऱ्याशी बोलते."

साहेबांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. बघून झाल्यावर म्हणाले, "मग आपण कशाला मधे पडा. राहू दे."

गावदेवीच्या देवळासमोर चादर बांधून सिनेमा दाखवला. कमळाकरनं त्या दिवशी मला देवजीला परत दिलं होतं, म्हणून मी त्याच्या मांडीवर होतो, वर तोंड करून. मला पडदा दिसला नाही. मला देवजी दिसला. पडद्याचा उजेड त्याच्या तोंडावर हलत होता.

सगुणाचा आवाज आला. धोंडूबाई कुठेतरी "अगो माजे बाय" म्हणाली आणि पदर तोंडात घातला. देवजीचे ओठ पडद्याबरोबर हलत होते, एका चित्राचाही फरक नाही. देवी रागावत नाय. आमी गावातल्या पोरांना टोचून आनलं.

मग आवाज गेला.

"ए, आवाज! आवाज!" मागून पोरं ओरडली. "मशीन बिघडली रं!" कोणी शिट्टी मारली. देवजीला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. तो बघत होता. खालचा ओठ आत जाईपर्यंत, वाक्य संपेपर्यंत त्यानं वाट बघितली, आणि मग त्या सगळ्या गलक्यावरून, देवळावरची कबुतरं उडतील एवढ्या मोठ्यानं उत्तर दिलं.

"हां, लागली!"

लोक हसले. बिचारा खरंच उपाशी असेल म्हणून शेजारणीनं सिनेमा संपल्यावर भाकरी आणली. तो ती खाऊनही गेला.

तेव्हापासून मी देवजीच्या दाराशी खिळ्यावर आहे. माझ्यावर धूळ बसते, खारा वारा येतो. आठवण झाली की मला फडक्यानं पुसत जा, मित्रांनो, पाण्यानं नको. तेवढं केलंत तरी मी आणखी काही वर्षं तुमची तोंडं तुम्हाला दाखवीन. पण ती जपून ठेवीन अशा भरवशावर राहू नका. ते काम माझ्यानं होत नाही. घरात कोणी तुमच्याशी बोलत असेल, भूक लागली का एवढंच विचारत असेल, तर हातातलं काम ठेवा, त्या तोंडाकडे बघा, आणि वाक्य संपेपर्यंत बघत राहा.