पेहरावाचे दहा गुण

"श्वास आत घे," घडी म्हणाली आणि आतून अंगठा रेटून तिने जॅकेटचं मधलं बटण काजात बसवलं. "हे एक बटण महाहट्टी आहे. अंगठा लावल्याशिवाय बसतच नाही."

कॉलेजच्या प्रसाधनगृहातल्या आरशासमोर वकीलीण ताठ उभी राहिली. तिला सगळे वकीलीणच म्हणत, कारण कँटीनच्या चहात साखर कमी का पडते, यावरही ती तावातावाने भांडायची. घडीचं नाव तिच्या हातांवरून पडलं होतं. संध्याकाळी ती तयार कपड्यांच्या दुकानात कामाला जायची. गिऱ्हाइकांनी घालून पाहिलेले आणि बोळा करून टाकलेले कपडे पुन्हा घड्या करून ठेवायचे, हे तिचं काम. ती सवय अंगात इतकी मुरली होती, की वर्गातही हाताला लागेल त्या रुमालाची, तिकिटाची, बिस्किटाच्या कागदाची ती चौकोनी घडी करत बसे.

"हातवारे बेताने कर. हात उचललास की खांद्यातून वर येतं."

"हातवाऱ्यांशिवाय बोलू? मग तूच जा की स्टेजवर."

"मी गेले तर परीक्षकांच्याच घड्या करून ठेवीन."

दोघी हसल्या, पण वकिलीणीचं हसू वरवरचं होतं. गेल्या वर्षी याच वादविवाद स्पर्धेत तिचा पहिला नंबर थोडक्यात हुकला होता. मुद्द्यांत ती पुढे, उच्चारांत पुढे. पेहरावाच्या दहा गुणांत मात्र आपटली, कारण अंगातला आईचा स्वेटर कोपरावर रफू केलेला होता. बोलण्याच्या स्पर्धेत कपड्यांना गुण ठेवण्याची अक्कल कोणत्या शहाण्याची, देव जाणे. पण पहिल्या येणाऱ्याची पुढच्या वर्षाची फी माफ व्हायची, आणि आईने स्पष्ट सांगून टाकलं होतं, या खेपेला माफ झाली नाही तर कॉलेज बंद. म्हणून घडीने न मागता स्वतःचं जॅकेट आणलं होतं. गडद निळं, एकही सुरकुती नसलेलं. तिने स्वतः ते अजून एकदाही घालून मिरवलं नव्हतं.

विषय सभागृहाबाहेरच्या फळ्यावर लिहिलेला होता: चांगल्या कपड्यांसाठी विद्यार्थ्यांनी अर्धवेळ नोकरी करावी का? बाजूने की विरोधात, हे स्टेजवर चिठ्ठी उचलल्यावर ठरायचं.

"बाजूने आलं तर मैदान मारलंस," घडी म्हणाली. "मी आहेच की चालतंबोलतं उदाहरण."

चिठ्ठी विरोधाची निघाली.

सुरुवात अगदीच फिकी झाली. शिक्षण, शिस्त, साधी राहणी, सगळं वकिलीणीने ठासून सांगितलं. पण तेच आधीच्या तिघांनी सांगून झालं होतं. परीक्षक बाईंनी तोंडावर हात धरून जांभई दिली. तिसऱ्या रांगेत घडी बसली होती. तिने मांडीवरून हळूच अंगठा वर करून दाखवला.

तिच्याकडे पाहूनच वकिलीणीला ते सुचलं.

"माझ्या ओळखीची एक मुलगी आहे," ती म्हणाली. "वर्गात बसल्याबसल्या झोपते. आणि झोपेत शेजारणीच्या ओढणीची घडी करते."

कोणीतरी खुसखुसलं. परीक्षक बाईंनी मान वर केली. तेवढी फट तिला पुरे होती.

"तिला दुकानातलं एक जॅकेट आवडलं. तसा एकच नग आलेला. पगाराला अवकाश. मग बाईसाहेबांनी काय करावं? सगळ्यात मोठ्या मापांच्या मागे, जिथे वर्षभर कोणी फिरकत नाही, तिथे ते दडवून ठेवलं! रोज जाता-येता त्याची विचारपूस. आणि एके दिवशी गिऱ्हाइकाने नेमकं तेच मागितलं. मालकाने दुकान डोक्यावर घेतलं. सगळे शोधतायत. आणि सगळ्यांच्या पुढे, टेबलाखाली रांगत कोण शोधतंय? तीच!"

सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. ही गोष्ट घडीने तिला कँटीनच्या मागच्या पायरीवर सांगितली होती. हसतच सांगितली होती, पण सांगताना तिचे कान लालबुंद झाले होते, आणि शेवटी 'कुणाला बोलू नकोस हं' असंही ती म्हणाली होती.

वकिलीणीने तिसऱ्या रांगेकडे पुन्हा पाहिलं नाही. आता ती रंगात आली होती.

"मित्रहो, त्या मुलीने एक कपडा कमावला आणि सगळ्या संध्याकाळी गमावल्या! ज्या वयात पुस्तकाची पानं उलटायची, त्या वयात ती लोकांचे शर्ट सुलटे करत बसली!" बोलता बोलता तिचा हात छातीशी गेला. जॅकेट वर आलं होतं, ते तिने दोन्ही हातांनी खाली ओढलं.

पहिल्या रांगेत त्या दुकानाचे मालक बसले होते. दरवर्षीचा चषक त्यांच्याच दुकानाकडून असायचा. आतापर्यंत ते डोळे पुसून पुसून हसत होते. त्यांची नजर जॅकेटच्या कॉलरवर आली, तिथून बाह्यांवर गेली, आणि त्यांचं हसू आटलं. वकिलीणीने ते पाहिलं. घंटा व्हायला अजून अवकाश होता. तिने पुढचं वाक्य घेतलं.

पहिला नंबर तिचाच आला. चषक देताना मालकांनी तिच्या बाहीची कड दोन बोटांत धरून चाचपली.

"आमच्याकडचं दिसतंय."

एरवी हजरजबाबी असलेल्या वकिलीणीला एक साधी थाप सुचली नाही. "मैत्रिणीचं आहे, सर."

"असं का? छान बोलता हं तुम्ही," ते म्हणाले आणि गर्दीत कोणाला तरी शोधू लागले.

चहाच्या टेबलाजवळ ते घडीशी बोलताना तिला लांबून दिसले. बोलणं लगेच संपलं. घडीने मान डोलावली, हातातल्या कागदी रुमालाची घडी केली आणि तो खिशात ठेवला.

वकीलीण प्रसाधनगृहात येऊन थांबली. घडी आत आली तेव्हा तिने घाईघाईने जॅकेट उतरवून पुढे केलं.

"अगं, मी तुझं नाव नव्हतं घेतलं."

"नाव कशाला लागतंय? जॅकेट होतं ना अंगावर." घडीने ते घेतलं, ओट्यावर पसरलं, बाह्या मागे दुमडल्या. दुकानात मांडतात तशी चोख घडी झाली. "पेहरावाचे किती मिळाले?"

"दहा."

"वाटलंच होतं."

"काय म्हणाले ते?"

"उद्यापासून येऊ नको म्हणाले." घडीने पाठीमागची ओढणी नीट केली. "बरंच झालं. संध्याकाळी मोकळी. पुस्तकाची पानं उलटत बसेन. तुझंच म्हणणं होतं ना?"

"आणि तुझी फी?" वकिलीणीने विचारलं. जॅकेट झाल्यापासून पगार फीसाठी साठत होता, हे तिला ठाऊक होतं. स्टेजवरही ठाऊक होतं.

"तुझी माफ झाली ना. एकीची तर सुटली."

"भांड तरी माझ्याशी. शिव्या घाल."

"भांडायचं खातं तुझ्याकडे." घडीने जॅकेटची घडी तिच्या हातांवर ठेवली. "ठेव हे. आता जिल्ह्याच्या फेरीत लागेल. तिथेही पेहरावाला गुण असतीलच."

ती गेली. दार तिने हलकेच लोटून घेतलं, नेहमी लोटते तसंच. वकीलीण हातातल्या घडीकडे बघत उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पळत जावं, सगळ्यांसमोर चषक त्या मालकांच्या हातात परत ठेवावा, आपण किती नीच वागलो ते ओरडून सांगावं, असं तिला मनापासून वाटलं.

"पहिल्या आलेल्या ताई आत आहेत का?" बाहेरून फोटोवाल्याने हाक मारली. "सगळे खोळंबलेत. आणि ते निळं जॅकेट घालून या हं, फोटोत उठून दिसेल!"

"आले," वकीलीण म्हणाली.

तिने डोळे पुसले, घडी उलगडली, जॅकेट अंगात चढवलं आणि आतून अंगठा लावला. बटण पहिल्या झटक्यात लागलं.