उलटा शिक्का

“आजोबा, गाडी मागे घ्या. परदेशी गाड्या तिकडे, रेल्वेरुळांच्या पलीकडे.”

फाटकावरच्या दाढीवाल्याने हातातला छोटा झेंडा गाडीच्या टपावर टेकवला, तसा कास व्होयतासिक भडकला. “माझ्या बायकोच्या पायाची दशा दिसत नाही का तुला? आणि या दुकानात मी एकतीस वर्षं काढलीत. तू पाळण्यात होतास तेव्हा!”

“एकतीस वर्षं काढलीत आणि फिरताय जपानी गाडीतून? कमाल आहे,” दाढीवाला म्हणाला. “नियम आहे आजोबा. पुढच्या पटांगणात फक्त हारगूड गाड्या.”

“दुकान कुठाय तुमचं? गवत उगवलंय तिथे. गवताची राखण करतोस आणि वर मला नियम शिकवतोस?”

“कास, पुरे,” शेजारी बसलेली बर्नाडीन काठी सावरत म्हणाली. “चालेन मी. चौतीस वर्षं चालतेच आहे.”

मिशिगनमधल्या त्या गावात कारखान्याला कारखाना कुणीच म्हणत नसे. सगळे ‘दुकान’ म्हणत. आजा दुकानात, बाप दुकानात, पोरगा शाळा सुटली की दुकानात. ते दुकान बारा वर्षांपूर्वी बंद पडलं, भिंती पाडल्या, लोखंड भंगारात गेलं. पण हारगूड मोटर कंपनीला आज शंभर वर्षं पुरी होत होती, म्हणून त्याच मोकळ्या रानावर पांढरे मंडप उभे राहिले होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

कासला यायचंच नव्हतं. पत्र आलं होतं की शेवटच्या तपासणीवर काम केलेल्या जुन्या माणसांचा सत्कार आहे, आणि गाडी पास करायचा, ज्याच्या त्याच्या नंबराचा जुना शिक्का काचेत बसवून भेट मिळणार आहे. त्याने पत्र केराच्या डब्यात टाकलं. बर्नाडीनने ते बाहेर काढलं, हाताने सरळ केलं आणि फ्रिजवर चिकटवलं. “मला बघायचाय तुझा शिक्का,” ती म्हणाली. “त्या एकोणीस नंबरवाल्यासारखा हरामखोर नव्हतास तू. तुझा सत्कार व्हायलाच हवा.”

त्यांच्या घरात ‘एकोणीस’ ही शिवीच होती. दूध नासलं तरी एकोणीस, नळ गळायला लागला तरी एकोणीस. पाय ठणकायला लागला की बर्नाडीन त्या आकड्याच्या नावाने बोटं मोडायची आणि कास उठून गॅरेजमध्ये जायचा.

रुळांपलीकडून मंडपापर्यंत यायला त्यांना वीस मिनिटं लागली. वाटेत दोन्ही बाजूंना हौशी मालकांनी आपापल्या जुन्या हारगूड गाड्या आणून लावल्या होत्या. मऊ फडक्याने पुसून पुसून त्यांनी पत्र्यांचे आरसे केले होते. एका निळ्या ‘रीजंट’ मॉडेलच्या मालकाने कासच्या छातीवरचा बिल्ला पाहिला आणि त्याचा हातच धरला.

“तुम्ही शेवटच्या तपासणीला होता? सत्याहत्तरची आहे ही! अशी गाडी पुन्हा होणे नाही, साहेब.”

“न होवो,” कास म्हणाला आणि हात सोडवून घेतला.

सत्याहत्तरची रीजंट. नेमकी तीच.

त्या वर्षी दारांना नवीन लॉक आली होती. हातात घेतलं की कळायचं, जीभ पातळ आहे. दार लागायचं, आवाजही झकास यायचा, पण आतून खांद्याचा जोराचा धक्का बसला की लॉक सुटायचं. कासने पहिल्या दिवशी अकरा गाड्या नापास केल्या. दुसऱ्या दिवशी फोरमन रस्क येऊन त्याच्या कानाशी, पोलिश माणसांना हिणवायच्या हाकेने, म्हणाला, “पोलॅक, फाटकाबाहेर गेली की गाडी माझीही नाही आणि तुझीही नाही. शिक्का मार, नाहीतर उद्यापासून भट्टीवर जा. तुझ्यासारखे दहा जण बाहेर उभे आहेत.”

दुकानात तपासनिसांची एक जुनी चाल होती. फोरमनने बळजबरी केली की शिक्का उलटा मारायचा. साहेब लोकांना गोल शाई दिसली की पुरे, पण बरोबरच्या माणसांना कळायचं की हा आपल्या मनाने मारलेला नाही. कास तेच करत राहिला. महिनाभर, रोज शेकड्याने, उलटा शिक्का. आपण झुकलो नाही असं त्याला त्यात वाटायचंही. अशा बंडखोरीला काय खर्च येतो?

तेव्हा बर्नाडीनच्या बहिणीने कासच्या नावावरची कामगार-सवलत घेऊन रीजंट घ्यायचं ठरवलं. ‘नको घेऊस’ म्हणायला त्याची जीभ रेटली नाही, कारण मग का ते सांगावं लागलं असतं. तो म्हणाला, “बुधवारी बनलेली घे.” दुकानातल्या कुणालाही विचारा, हेच सांगेल. सोमवारी माणसं उतरत्या नशेत असतात, शुक्रवारी घाईत, गाडी घ्यावी ती बुधवारची. जणू पातळ लोखंडाला वार कळतो!

पुढच्या फेब्रुवारीत, उपास सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी, दोघी बहिणी बेकरीतून पोंचकी घेऊन येत होत्या. आळुबुखाऱ्याचं सारण भरलेले ते तळलेले गोळे त्या दिवशी प्रत्येक पोलिश घरात लागतातच. बर्नाडीनच्या मांडीवर दोन डझनांचं खोकं होतं. वळणावर ती दाराकडे कलंडली, दार उघडलं, ती रस्त्यावर पडली आणि मागून येणाऱ्या दुधाच्या गाडीचं चाक कमरेला घासून तिच्या डाव्या पायावरून गेलं.

गाडीच्या तपासणी-कार्डावर शिक्का होता 19. कासचा नंबर होता 61; इंग्रजी आकड्यांतला 61 उलटा धरला की 19 दिसतो, हे कासच्या महिनाभर ध्यानात आलं नव्हतं. कंपनीच्या वकिलाने तर तो सरळ एकोणीसच वाचला. एकोणीस नंबरचा शिक्का होता लेम्युअल टेटचा. आठ दिवसांत त्याला हाकललं आणि बर्नाडीनला पत्र गेलं की एका तपासनिसाचा निष्काळजीपणा होता, त्याला काढलं आहे, कंपनी दिलगीर आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

कास गप्प बसला. बायको इस्पितळात, पायात लोखंडी सळ्या, विमा कंपनीचा. आज बोलू, उद्या बोलू. पुढच्या वर्षी सगळ्या तपासनिसांना नवे शिक्के मिळाले आणि प्रत्येक आकड्याखाली एक आडवी रेघ होती, कुठली बाजू खालची ते कळावं म्हणून. म्हणजे वरच्यांनाही कळलं होतं! कळलं होतं, तरी टेटला कुणी परत बोलावलं नाही. ती रेघ बघून कास जो संतापला तो आजतागायत शांत झालेला नव्हता. तो कंपनीवर चिडायचा, रस्कवर चिडायचा, फाटकावरच्या दाढीवाल्यावर चिडायचा. चिडून चिडून त्याने जपानी गाडी घेतली आणि दुकानातल्या दोस्तांनी तिच्या काचा फोडल्या तेव्हा तो कुणाला काही बोलला नाही. ते त्याला बरंच वाटलं होतं.

मंडपात कंपनीची शेल्बी नावाची बाई माईकवर कंपनीचा इतिहास सांगत होती. बग्ग्या बनवणारा म्हातारा हारगूड, पहिलं इंजिन, युद्धातले रणगाडे. पुढच्या टेबलावर नऊ म्हाताऱ्यांच्या नावांसमोर नऊ काचा मांडल्या होत्या. बर्नाडीनने कासची काच मांडीवर घेतली आणि पदकासारखी पुसली. तिने उभी हयात शिवणकामात घालवली होती, सुताचा एक धागा सुटलेला तिला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसे.

“अरे, शिक्क्याच्या कडेला दात पडल्यासारखी खाच आहे,” ती म्हणाली. “सहाच्या बरोबर वर.”

“हातातून पडला होता एकदा.”

तेवढ्यात टेबलाशी एक पन्नाशीची काळी बाई येऊन उभी राहिली. चर्चला जाताना घालतात तसा कडक इस्त्रीचा पोशाख, हातात कागद. शेल्बी माईक दुसऱ्याकडे देऊन खाली उतरली तशी बाईने तिला गाठलं.

“मी ओडेसा टेट. माझ्या वडिलांचा शिक्का यात नाही. एकोणीस नंबर.”

“अं... ती यादी वरून आलीय, बाई. ज्यांची नोकरी नीट पूर्ण झाली त्यांचेच...”

“त्यांची नोकरी कुणी पूर्ण होऊ दिली नाही ते विचारायलाच आले आहे.”

बर्नाडीन काठी टेकून उठली. “टेट? तू त्याची मुलगी? तुझ्या बापामुळे हा पाय गेला माझा! पोर झालं नाही मला नंतर. आणि तू इथे बक्षीस मागायला आलीस?”

ओडेसाने तिच्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

“तुम्हीच का त्या बाई,” ती हळू म्हणाली. “आमच्या घरी दर रविवारी तुमच्या पायासाठी प्रार्थना व्हायची. बाबा सांगायचे, माझा हात नाही त्यात, पण बाई तर अधू झाली ना. शाळेत भांडी घासली त्यांनी मरेपर्यंत. हे त्यांच्या पेटीत सापडलं.” तिने कागद पुढे धरला. “गाडीच्या कार्डाची नक्कल. इथे बघा, पाळी सकाळची. बाबा जन्मात सकाळच्या पाळीला नव्हते. ते दुपारी दोनला जायचे. कंपनी म्हणाली, हजेरीची कार्डं हरवली.”

बर्नाडीनने कागद घेतला, तो झिडकारण्यासाठीच. पण डोळ्यांची सवय जाते कुठे? ती शिक्क्याकडे बघत राहिली. एकोणीस. गोल कडा. कडेला, नवाच्या बरोबर खाली, एक दात पडलेला.

कासला कळलं. आता बोल, तो स्वतःला म्हणाला, ती बघायच्या आत बोल. चौतीस वर्षांत बोलायला एवढी सोपी वेळ आली नव्हती, फक्त एक वाक्य.

बर्नाडीनने काच उलटी केली आणि कागदाशेजारी ठेवली.

तिने कागदावरच्या खाचेवर बोट ठेवलं, मग काचेतल्या खाचेवर. ओडेसाही वाकली आणि तिने एकदम तोंडावर हात धरला.

“तू?” बर्नाडीन म्हणाली.

“रस्कने मला...”

“रस्कचं नाव मी विचारलं नाही.”

“हो,” कास म्हणाला. “मीच.”

“आणि चौतीस वर्षं माझ्या तोंडून त्या माणसाला शिव्या ऐकत बसलास. जेवताना. झोपताना.” ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

माईकवर त्याचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या पडल्या, कुणीतरी त्याला दंडाला धरून वर चढवलं. तोवर वर परतलेल्या शेल्बीने हसत हसत सांगितलं, दोन शब्द बोला, त्या सोन्यासारख्या दिवसांबद्दल.

“कसले सोन्यासारखे!” कास ओरडला. “लॉक सडकी होती. तुम्हाला माहीत होतं. आम्हालाही माहीत होतं. लेम्युअल टेटने काही केलं नव्हतं. तो शिक्का एकोणीस नव्हता, एकसष्ट होता. माझा होता. मी मारला, आणि त्याला हाकलला तेव्हा मी गप्प...”

माईक केव्हाच बंद झाला होता. ‘लॉक’च्या पुढचं पहिल्या दोन ओळींनाच ऐकू गेलं. मागच्या लोकांना एक म्हातारा गहिवरून हातवारे करताना दिसला. बँड सुरू झाला आणि सगळा मंडप उभा राहून टाळ्या वाजवू लागला. कास किंचाळत होता, “टाळ्या काय वाजवता, भडव्यांनो!” आणि लोक आणखी जोरात वाजवत होते.

तो खाली आला तेव्हा टेबलावर काच नव्हती, कागदही नव्हता. बर्नाडीन काठी टेकत पुढच्या पटांगणाकडे निघाली होती आणि ओडेसा तिच्या पावलाला पाऊल जुळवत हळूहळू चालत होती. कास धापा टाकत मागे गेला.

“बर्नी, थांब. गाडी आणतो मी फाटकापर्यंत. त्या दाढीवाल्याच्या छाताडावर घालून आणतो.”

“राहू दे,” ती मागे न बघता म्हणाली. “मी हिच्या बापाच्या थडग्यावर जाऊन येते. हा शिक्का तिथे ठेवायचाय.” काच तिने काखेत घट्ट धरली होती.

“मीही येतो.”

“आज नको.”

ओडेसाची गाडी पटांगणाच्या पहिल्या रांगेत होती. जुनी, बापाच्या वेळची, मातकट रंगाची हारगूड. नोकरी गेल्यावरही त्या माणसाने ती विकली नव्हती. बर्नाडीन दाराशी क्षणभर थबकली. चौतीस वर्षं ती हारगूडमध्ये बसली नव्हती. मग ती पाठमोरी टेकली, आधी बसली, मग दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत घेतला. ओडेसाने दार लावलं.

बर्नाडीनने ते आतून खांद्याने दोनदा ढकलून पाहिलं. लागलेलं होतं.

गाडी दाढीवाल्याच्या झेंड्याजवळून बाहेर पडली. कास दुकान जिथे होतं त्या गवतातून रुळांकडे चालू लागला.