खुर्चीच्या दोन हातांवर

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. तुम्ही मला नक्की पाहिले असेल. सलूनमध्ये लहान मूल आले, की खुर्चीच्या दोन हातांवर जी आडवी टाकतात आणि जिच्यावर त्याला बसवतात, तीच मी. आरशात मुलाचे डोके दिसावे आणि कारागिराची पाठ वाकू नये, एवढेच माझे काम.

मी मूळची एका मोडक्या दाराची. सुताराने मला कापले, कडा घासल्या आणि वरून रेक्झिन ठोकले. माझ्यावर कितीतरी मुले रडली. एकाने तर मला ओलेही केले. माझा मालक चिडला नाही. "राजे, सिंहासन भिजवलंत की!" म्हणाला आणि मला उन्हात ठेवून आला.

मालकाची मुलगीही माझ्यावर बसे. एका जागी टिकत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. गळ्याभोवती कापड बांधले, की ती त्याच्या आडून माझ्या खालच्या बाजूला चांदण्यांची स्टिकरे चिकटवी. मालकाला वाटे, पोर हल्ली शहाण्यासारखी बसते.

मग भिंगरी आजारी पडली. औषधांनी तिचे केस गळू लागले. एका दुपारी मालकाने तिला माझ्यावर बसवून उरलेले केस काढले. त्याने आरशात एकदाही पाहिले नाही. तिने मात्र पाहिले. "बाबा, मी आजोबांसारखी दिसते!" म्हणून ती हसली. त्यानंतर ती दुकानात आली नाही.

मालकाने मला पाणी तापवायच्या बंबामागे उभे केले. लहान मुले आली, की तो म्हणे, "मोठा झालास की ये." मुले गेली, त्यांच्यामागे त्यांचे वडीलही दुसऱ्या दुकानात गेले.

उपचारासाठी मालकाने व्याजाने पैसे घेतले होते. मालकीण लाँड्रीत इस्त्री करी. तिनेही उपचारासाठीच तिथून पगारावर उचल घेतली होती. शिवाय खुर्चीचे हप्ते होतेच. भिंगरी गेल्यावर दोघे आपापले फेडत राहिले. हिशोब एकत्र मांडला असता, तर तिचे नाव निघाले असते.

एक दिवस खुर्चीवाल्याचा माणूस येऊन बजावून गेला, की हप्ते थकलेत, या महिन्यात भरले नाहीत तर खुर्ची उचलू. त्या आठवड्यात दुकानाच्या सुट्टीला मालकाचा मेहुणा आला. तो पतसंस्थेत नोकरीला होता. बरोबर मालकीण होती. भिंगरी गेल्यापासून तिने दुकानात पाऊल ठेवले नव्हते.

"दाजी, बादली एकच, भोकं तीन," मेहुणा म्हणाला, "आणि तुम्ही दोघं एकमेकांकडे पाठ करून बोळे कोंबताय. सगळी देणी एका कर्जात घाला. व्याज कमी, हप्ता एक. वर्षं वाढतील, हे खरं. सही दोघांची लागेल. एक अडला, तर दुसऱ्याला भरावं लागेल."

"माझी तयारी आहे," मालक म्हणाला. "खुर्ची गेली तर काय रस्त्यात उभ्याने केस कापू?"

मालकीण म्हणाली, "खुर्चीचं घाला. यांचं व्याजाचं घाला. माझं लाँड्रीचं नाही घालायचं."

"अगं ताई, पगार कापून तुझ्या हातात उरतं काय?"

"नाही उरत. पण पैसे कापले जातात ना, तेव्हा वाटतं, आज पोरीसाठी काहीतरी केलं. तिच्यासाठी करण्यासारखं दुसरं काय राहिलंय रे माझ्याकडे? खुर्चीच्या पैशात मिसळलं, की त्यातला कुठला पैसा तिचा, ते कळायचं नाही."

मेहुण्याने हातातले कर्जाचे कागद खाली ठेवले. "चहा सांगून येतो," म्हणून तो बाहेर पडला.

"मला वाटायचं, तू माझ्यावर रागावून वेगळं फेडतेस," मालक म्हणाला.

"आणि मला वाटायचं, तुम्ही तिला विसरलात."

मालक उठला. त्याने बंबामागून मला बाहेर ओढले. "विसरलो असतो, तर ही जाळून पाणी नसतं तापवलं?"

धूळ पुसताना त्याने मला उलटे केले, आणि दोघांनी त्या चांदण्या पहिल्यांदा पाहिल्या. मालकिणीने एकीवर बोट ठेवले.

"अहो, हे कधी केलं हिने?"

मला मांडीवर घेऊन दोघे रडले. त्या घरात दुःख होते, पण तोवर दोघे ते घेऊन एकत्र बसले नव्हते.

बऱ्याच वेळाने मालक म्हणाला, "लाँड्रीचं राहू दे वेगळं. बाकीचं एक करू. पण तुझ्या पगाराच्या दिवशी मी बरोबर येणार."

"दुकान बंद ठेवून?"

"बंद ठेवून."

मेहुणा बाहेरच थांबला होता; तो चहा घेऊन आत आला, तेव्हा चहा गार झाला होता. दोघांनी सह्या केल्या.

मित्रांनो, त्याने कर्ज फिटले नाही. भिंगरीही परत आली नाही. खुर्ची तेवढी राहिली, आणि मी पुन्हा तिच्यावर आले. खुर्चीचा एक हात काढला, तर मी चिमुरड्या पोराचेही ओझे पेलू शकत नाही. म्हणून सांगते, तुमच्या घरात कुणी गेले असेल, तर त्याचे नाव घेत जा. आईबाबा वेगवेगळ्या कोपऱ्यांत गप्प बसले असतील, तर दोघांच्या मध्ये जाऊन बसा.

आणि कधी मला पुसायला घेतलेत, तर वरून खुशाल घासा. खालून मात्र हात लावू नका. तिथल्या चांदण्या आता सुटू लागल्या आहेत.