कुंपणावरचा चिमटा

लाइप्झिग आवडलं, तेच टॅमसिनला भोवलं.

तिचा नवरा ह्यू पियानो दुरुस्त करायचा. होबार्टमध्ये त्या कामाला फारसं गिऱ्हाईक नव्हतं, पण युरोपातल्या तीन गावांतून त्याला बोलावणं आलं होतं: लिस्बन, तुरीन आणि लाइप्झिग. टॅमसिनने त्याला एकच अट घातली होती. "कुठलंही गाव निवड, पण आधी मी ते पायी फिरून बघणार. आणि मार्नीला घेऊन."

मार्नी त्यांची लेक, अडीच वर्षांची. तिच्या दोन्ही कानांत ऐकू येण्याचं मशीन होतं. आवाज सोसेनासा झाला की ती मशीन उपटायची आणि लांब भिरकावायची. त्यामुळे टॅमसिन गावं बघायची ती डोळ्यांनी कमी आणि लेकीच्या कानांनी जास्त. लिस्बनला उतारावरची ट्रॅम किंचाळत आली आणि मशीन मासळीवालीच्या टोपलीत गेलं. तुरीनला कमानींखाली स्कूटरींचा आवाज घुमला आणि मशीन ह्यूच्या सूपमध्ये. दोन्ही वेळा टॅमसिनची नजर त्या इवल्या हातावरच होती, म्हणून वाचलं. दोन्ही गावांवर तिने फुली मारली. राहिलं लाइप्झिग. इथेही जमलं नाही तर परत होबार्टला जायचं, हे दोघांनाही न बोलता कळलेलं होतं. सोमवारी इथल्या पियानोच्या कारखान्याला काय ते कळवायचं होतं.

आणि इथे मार्नीने सकाळपासून कानाला हातसुद्धा लावला नव्हता. रुंद पदपथ, विटांच्या जुन्या गिरण्या, कालव्याकाठची झाडं. कालव्याजवळच्या बाकावर बसून त्यांनी खसखशीचा केक खाल्ला. बदकं आली. मार्नीने बोट दाखवून स्पष्ट म्हटलं, "बदक!" हा तिचा नवाकोरा शब्द होता. टॅमसिनने कितीतरी महिन्यांनी पाय पसरले, तोंड उन्हाकडे केलं आणि थोडा वेळ कुणाकडेच पाहिलं नाही.

मग ती तिघं मोठ्या रस्त्याकडे निघाली. ट्रॅमच्या रुळांपाशी ह्यू लेकीशी बोलायला वाकला आणि तसाच थांबला.

"टॅम, हिचं डावं मशीन कुठंय?"

मघाशीच तर समोरून ट्रॅम गेली होती. आणखी काय विचारायचं? टॅमसिन गुडघ्यांवर बसली आणि रूळ, गटाराची जाळी, सिगारेटची थोटकं, सगळं चाचपू लागली. ते मशीन मार्नीच्या कानाचं माप घेऊन होबार्टमध्ये बनवलेलं होतं. नव्या देशात डॉक्टर गाठा, माप द्या, वाट बघा. तोवर कालपरवा उगवलेले शब्द टिकतील का?

"ह्याही गावाने तेच केलं," ती म्हणाली.

"अगं, गावाने काय केलं? आधी शोधू तर."

होबार्टला रस्त्यात काही सापडलं की लोक ते जवळच्या दुकानात देतात. म्हणून ती औषधांच्या दुकानात गेली, सायकलवाल्याकडे गेली. कॉलेजात शिकलेलं जर्मन घाबरल्यावर निम्मंच आठवत होतं. बेकरीत तिने रांग मोडून विचारलं तेव्हा मागून एक म्हातारी खेकसली. तिच्या पायाशी लठ्ठ पिंगट कुत्रं होतं.

"रांग आहे हो बाई इथे!"

"माफ करा. माझ्या मुलीच्या कानाचं मशीन हरवलंय. कुणी इथे आणून दिलंय का, एवढंच..."

म्हातारीचा चेहरा एकदम बदलला. "अगं पोरी, बेकरीत कशाला आणून देईल कुणी? मशीन काय पाव आहे?" रांगेतले एकदोघं हसले. "पडलं तिथून हलवलं तर ज्याचं त्याला सापडेल कसं? इथे जवळच्या कुंपणावर टांगतात. तू खाली बघत फिरलीस ना?"

"हो."

"मग आता मान वर करून फीर. आल्या वाटेनेच जा. आणि रडू नकोस, पोर घाबरेल."

बाहेर आल्यावर ह्यूने ओठ दाबून हसू आवरलं. सकाळी एका गेटच्या टोकावर लहान मुलाचा मोजा होता, पुढे जाळीला किल्ली लटकत होती, एका खांबावर हातमोजा होता. तेव्हा टॅमसिनच म्हणाली होती, "काय गबाळे लोक आहेत! दिसेल तिथे काहीबाही अडकवून ठेवतात."

"बोल ना, काय बोलायचंय ते," ती म्हणाली.

"मी? छे. मला जीव प्यारा आहे."

ती दोघं प्रत्येक कुंपण बघत परत निघाली. मार्नी ह्यूच्या खांद्यावर होती आणि मशीन असलेला कान वळवून आईला हाका मारत होती. हातमोजा जागेवर होता. किल्लीही. मोजा मात्र कुणीतरी नेला होता, आणि ते पाहून टॅमसिनला उगाच धीर आला.

कालव्याच्या लोखंडी कुंपणावर, त्यांच्याच बाकामागे, एक छोटी पारदर्शक पिशवी लटकत होती. कपड्यांच्या लाकडी चिमट्याने नीट लावलेली. टॅमसिनने ती मुठीत धरली आणि आतून बारीक शिट्टी वाजली. मशीन मुठीत आवळलं की असंच केकाटायचं. घरी ह्या शिट्टीने तिचं डोकं उठायचं. आज ती बाकावर बसली आणि ऐकतच राहिली.

"बंद कर की आता," ह्यू म्हणाला. त्याचाही आवाज जरा ओला होता.

तिने मशीन पुसलं, मार्नीच्या कानात बसवलं. मार्नीने मान वळवून पाण्याकडे पाहिलं. "बदक!"

मग टॅमसिनला आठवलं. इथेच तिने लेकीची टोपी काढली होती आणि केकचा चुरा पडला म्हणून झटकली होती. मशीन टोपीत अडकून आलं असणार. म्हणजे ट्रॅमपाशी पोहोचायच्या आधीच ते गेलं होतं. एक कान रिकामा, दुसऱ्यात मशीन, समोरून ट्रॅम गेली, तरी मार्नीने दुसरं उपटलं नव्हतं.

"ह्यू, तिने नाही काढलं. मी काढलं."

"म्हणजे गाव निर्दोष?"

"गाव निर्दोष. आईला शिक्षा करा."

"शिक्षा म्हणून इथेच राहावं लागेल मग." तो हसत म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

टॅमसिनने समोरच्या घरांच्या खिडक्यांकडे पाहिलं. एका गच्चीत चादरी वाळत होत्या, दुसरीत मुलांचे कपडे. कुणीतरी ही चिमुकली वस्तू उचलली होती, जिने चढून घरी गेलं होतं, पिशवी आणि चिमटा घेऊन पुन्हा खाली आलं होतं. मग नाव न सांगता आपल्या कामाला लागलं होतं.

"सोमवारपर्यंत कशाला थांबायचं?" ती म्हणाली. "आजच कळव त्यांना. येतोय म्हणून."

ह्यूने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग फोन काढला, आणि जाता जाता कुंपणावरचा चिमटा खिशात टाकू लागला. "आठवण म्हणून."

"ठेव तो तिथेच," टॅमसिन म्हणाली. "ज्याचा आहे तो इथेच बघायला येईल."