घावण्यातलं विष

“कोच आहेस ना तू? मग मैदानात जा, पोरांना कबड्डी शिकव. माझ्या घरच्या मॅटरमध्ये शिट्टी नको वाजवूस!”

नितेश एवढ्या जोरात बोलला की रांगेतल्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. सुयोगने दात आवळले. भर उन्हात, मरोळच्या त्या इमारतीखाली, अर्ध्या वस्तीसमोर त्याची इज्जत निघत होती आणि त्याला उलट बोलायची परवानगी नव्हती.

त्याच्या ओळखपत्रावर संस्थेने ‘फॅमिली सपोर्ट कोच’ असं छापलं होतं. आख्ख्या वस्तीत त्याचा अर्थ एकालाही कळला नव्हता. कोण विचारायचं क्रिकेटचा की कॅरमचा, एका आजीने तर “कुठल्या गाडीचा डबा रे तू?” असं विचारलं होतं. काम साधं होतं. कुठल्या घरात आजारपण आलं, पोराची शाळा अडली, की त्या घराच्या बाजूला उभं राहायचं. दवाखान्यात सोबत जायचं, शाळेत बोलायचं. पण हुकूम सोडायचा नाही. “सांगू नकोस, विचार. निर्णय त्यांचा,” असं संस्थेच्या पद्मजा मॅडम ऑफिसात पंख्याखाली बसून सांगायच्या. पंख्याखाली बसून सगळं बरोबरच वाटतं.

“नितेशदादा, मी शिट्टी नाय वाजवत,” सुयोग बोलला. “एवढंच विचारतो, श्रुतिकाची गोळी बंद का केली?”

“आक्काने सांगितलं म्हणून. गोळीत विष आहे. मी डोळ्यांनी बघितलंय, समजलं?”

नितेशची पोरगी श्रुतिका चौथीत होती. तिला फिट यायच्या. गोळी चालू झाली तशा त्या थांबल्या, पोरगी शाळेच्या नाचात पण उभी राहिली. मग ही अंगारा देणारी माणिक आक्का उगवली. गोळी बंद झाली आणि काल श्रुतिका शाळेच्या जिन्यात फिट येऊन पडली. हनुवटी फुटली, टाके पडले. सकाळी सुयोगच तिला आणि तिच्या आईला, सुगंधाला, ड्रेसिंगला घेऊन गेला होता. डॉक्टर ओरडल्या, “ह्या वेळी हनुवटीवर निभावलं. पुढच्या वेळी डोकं आपटलं तर?” आणि तिथून बाहेर पडल्यावर सुगंधा गोळ्यांच्या खिडकीवर न जाता सरळ इथे रांगेत येऊन उभी राहिली. हातात नैवेद्याचा डबा!

रांग सरकत आत गेली. सोसायटीच्या खोलीत आक्का पाटावर बसलेली. हिरवी साडी, कपाळभर कुंकू, पुढ्यात तांब्या, ताम्हन आणि अंगाऱ्याचा डोंगर. कापराचा एवढा धूर की मच्छर पण भक्तिभावाने मरत होते. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी गुडघेदुखीच्या गोळ्या आणलेल्या, कुणी शुगरच्या. सगळ्यांना आपापल्या गोळीतलं विष बघायचं होतं.

“आणलास नैवेद्य?” आक्काने विचारलं.

“हो आक्का, घावणे केलेत,” सुगंधाने डबा पुढे केला.

आक्काने डबा देवीच्या फोटोसमोर फिरवला, एक घावणा काढून तिथल्या तिथे तोंडात टाकला आणि डोळे मिटले. “पावला! आईक पावला!” मग तिने सुगंधाने आणलेली, घरात उरलेली शेवटची गोळी वर धरली. “ही बघा, कंपनीची गोळी! पांढरी दिसते ना? पांढरे कपडे घातले म्हणून कोण पण डॉक्टर होतो काय?”

लोक हसले. मग तिने आवाज घोगरा केला आणि गाऱ्हाणं सुरू झालं.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरू तुझ्या पायाशी इला हा. गोळयेत काय वाईट आसात तां तुझ्या तीर्थात दाखव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आख्खी खोली ओरडली.

सुयोगचं गाव पण मालवणाकडचंच. गाऱ्हाणं म्हणजे गावातल्या जाणत्या माणसाने सगळ्यांसाठी मागितलेलं मागणं. ते कानावर पडलं की तोंडातून ‘व्हय म्हाराजा’ आपोआप निघतं. त्याच्याही तोंडून निघालं. आणि त्याची जी सटकली! ही बाई गाऱ्हाण्यापुरती मालवणी, बाकी बोलणं सगळं साकीनाक्याचं, आणि आपण पण तिच्या सुरात सूर लावतो? काय यार!

आक्काने गोळी मोडली, ताम्हनात ठेवली, पळीने तांब्यातलं तपकिरी तीर्थ वर सोडलं. बघता बघता गोळी काळीनिळी पडली.

“विष!” आक्का किंचाळली. मग तेच तीर्थ तिने अंगाऱ्यावर टाकलं. अंगारा नुसता ओला झाला. “बघा, आईचा अंगारा शुद्ध! ह्यो रोज चाटवायचा. गोळी गटारात.”

बायकांनी कानाला हात लावले. सुगंधा रडायला लागली. एवढे दिवस आपण पोरीला विष चारलं, असं तिच्या तोंडावर सरळ दिसत होतं. सुयोगला ते बघवेना.

आक्काने पळी श्रुतिकाच्या चेहऱ्याकडे नेली, तशी पोरीने दोन्ही हातांनी हनुवटी झाकली. “नको! ते झोंबतं!”

“तीर्थ झोंबता काय गो?”

“झोंबतं. सकाळी नर्सबाईने लावलेलं तेच आहे हे!”

सुयोग चमकला. तो पुढे वाकला. कापराच्या आडून तोच वास येत होता, ड्रेसिंगच्या खोलीतला. रंग तोच, आक्काच्या बोटांना पिवळट डागही तेच. जखमेचं औषध. आयोडीन! शाळेत बाईंनी बटाट्याच्या फोडीवर टाकून दाखवलेलं, फोड काळीनिळी झालेली.

“हे तीर्थबिर्थ काय नाय!” तो ओरडला. “जखमेचं औषध आहे, पाण्यात घातलेलं. चोर आहे ही बाई!”

झालं! सगळे त्याच्यावरच तुटून पडले. नास्तिक काय, कमिशन खातो काय, देवीच्या दारात चपला घालून आला काय. नितेशने तर कॉलरच धरली. आक्का आरामात अंगारा चाळत बसली. सुयोग घामाने भिजला. खरं आपल्या बाजूला असून आपणच आरोपी, हा कसला धंदा? त्याने तांब्या उचलून आपटायला हात पण उगारला. पण तांब्या आपटला असता तर दुसरा आला असता.

हात खाली आला. त्याने सुगंधाकडे बघितलं.

“ताई, मी काय सांगत नाय. फक्त विचारतो. घावणे कोणी केले?”

“मी. कोण करणार?” ती हुंदके देत बोलली.

“काय काय घातलंत त्यात?”

“तांदूळ, पाणी, मीठ. घावण्यात अजून काय असतं?”

“मग त्याच्यावर हे तीर्थ टाकलं तर काय होईल?”

सुगंधाचं रडणं थांबलं. तिने आधी डब्याकडे बघितलं, मग तांब्याकडे. आक्काला कळायच्या आत तिने पळी उचलली आणि पांढऱ्याशुभ्र घावण्यावर ओतली.

घावणा काळानिळा झाला. गोळीपेक्षा जास्त.

खोलीतल्या सगळ्या माना पुढे आल्या.

“आक्का,” सुगंधा हळू बोलली. “हे पीठ मी स्वतः वाटलंय, घावणे स्वतः काढलेत. ह्यात विष कोणी घातलं? मी?”

“तुझ्या हाताक दोष आसात...”

“माझ्या हाताला? मग मघाशी एक गिळलात तो? आईला पावला बोललात ना? तुम्हाला का नाय चढलं विष?”

मागून कोणतरी फिसकन हसलं. नितेशने सुयोगची कॉलर सोडली. त्याच्या खिशात कागदात गुंडाळलेला अर्धा वडापाव होता. त्याने तो ताम्हनात ठेवला आणि पळीभर तीर्थ ओतलं. पाव काळा. आतला बटाटा काळा.

“च्यायला,” नितेश पुटपुटला. “ह्या हिशोबाने तर मी लहानपणापासून विषच खातोय.”

“विष नाय दादा, स्टार्च,” सुयोग बोलला. “भातात, पावात, बटाट्यात असतो तो. गोळी बांधून राहावी म्हणून बहुतेक गोळ्यांत पण घालतात. आयोडीन लागलं की तो काळानिळा होतो. राखेत स्टार्च नसतो म्हणून अंगारा तसाच राहतो. एवढाच चमत्कार. घरी जाऊन भातावर करून बघा, पण ते खाऊ नका.”

आक्काने गाठोडं बांधायला घेतलं होतं. “देवीची परीक्षा बघितलात! कोप होतलो!” असं बोलत ती दाराकडे सरकली. आणि एक म्हातारी तिचा पदर धरून बोलली, “ते सगळं बरोबर, पण माझा अंगारा तेवढा देऊन जा गं.”

सुयोगने कपाळावर हात मारला. डोकं भिंतीवर आपटावं असं त्याला झालं.

“अहो आजी! तुम्ही सगळेच ऐका. देवाला हात जोडा, गाऱ्हाणं घाला, मी पण व्हय म्हाराजा बोलीन. पण चालू औषध बंद करा असं कोण बोललं, तर आधी डॉक्टरला विचारा. डोळ्यांनी बघितलं म्हणजे कळलं असं नसतं. कसं झालं ते विचारा. विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या हातून पाणी पण पिऊ नका. काल ही पोरगी जिन्यात...”

“सुयोगदादा,” सुगंधाने त्याला तोडलं. तिने श्रुतिकाला कडेवर उचललं होतं, एवढी मोठी पोरगी. “गोळ्या मी गटारात टाकल्या. घरात एक पण नाय. डॉक्टर आता भेटतील?”

नितेश रिक्षा थांबवायला आधीच धावला होता. सुयोगने घड्याळ बघितलं.

“अजून लय बोलायचंय मला तुम्हा लोकांशी,” तो दारातून ओरडला. “पण दवाखान्याची खिडकी बंद होईल. निघतो मी.”